रविवारची न्याहारी, शनिवारची तयारी

‘उद्याच्या रविवारी फ्रेंच टोस्टचं कॅसरोल करू या, आई,’ असे लेक म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो पोळ्या गरम ठेवण्याचा आमच्या पुण्याच्या घरातला झाकणाचा डबा. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे तोच. त्यात टोस्ट ठेवले तर ते वाफेने मऊ पडतील, एवढीच शंका मी काढली. लेक पोट धरून हसली. अमेरिकेत कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचे पसरट, उभ्या कडांचे भांडे आणि त्या भांड्यात भाजून थेट टेबलावर येणारा पदार्थही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ साधे स्वयंपाकाचे पातेले असा आहे. एकच शब्द दोन देशांत दोन भांड्यांत जाऊन बसला, इतकेच.

त्या आठवड्यात आमच्या घरात हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आले होते, म्हणून तो प्रसंग माझ्या विशेष लक्षात आहे. त्याआधी काय घडले होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण या पाककृतीची गोष्ट खरे तर तिथूनच सुरू होते.

न्यू जर्सीत मुलीकडे जाऊन आम्हां उभयतांना जेमतेम दहा दिवस झाले होते. यांचे वय चौऱ्याहत्तर, मधुमेह बावीस वर्षांचा. पुण्यात सकाळी आठ वाजता पोहे किंवा उपमा आणि त्यासोबत ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिनची गोळी, हा क्रम इतका पक्का की घड्याळ बंद पडले तरी चालेल. मुलीच्या घरी रविवारी मात्र सगळे उशिरा उठतात आणि अकरा-सव्वाअकराला एकत्र ‘ब्रंच’ला बसतात. त्या रविवारी यांनी आठ वाजता सवयीने गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. पावणेअकराच्या सुमारास नातू येऊन म्हणाला, ‘आजी, आजोबा विचित्र बोलतायत.’ बाहेर येऊन पाहते तो हे सोफ्यावर घामाने चिंब. हात थरथरत होते. ‘बस किती वाजताची आहे?’ असे मला विचारू लागले. साखर तपासण्याचे यंत्र बॅगेत होते. आकडा आला ५८.

सुदैवाने गिळण्याइतकी शुद्ध होती. तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा ८४. मग लगेच पोटभर खायला दिले. दुपारी हे पूर्वीसारखे बोलू लागले, पण एक गोष्ट हरवली ती हरवलीच. पुढच्या रविवारी हे टेबलावर बसायलाच आले नाहीत. खोलीत एकट्याने दुधात बिस्किटे बुडवून खाल्ली आणि म्हणाले, ‘माझ्यामुळे सगळ्यांच्या सुटीचा विचका नको.’

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावले ते असे : ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती गोळी सकाळच्या पहिल्या भरपेट खाण्यासोबतच घ्यावयाची असते. आम्ही ती घड्याळाशी बांधली होती. पुण्यात घड्याळ आणि ताट एकाच वेळी येत, म्हणून इतकी वर्षे ही चूक लपून राहिली. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हा धोका असतोच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत साखर एकाएकी खाली जाण्याची शक्यता बरीच कमी असते. तरीही आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येक मधुमेह्याने आणि त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. तरुणाला अशा वेळी धडधडते, कडकडून भूक लागते, हात कापतात. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात. नुसता गोंधळ, चिडचिड, पेंग किंवा तोल जाणे एवढेच दिसते आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र बहुधा येतो. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा कप फळांचा रस द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर सावरल्यावर खाणे द्यावे. चॉकलेट किंवा पेढा यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून ते पहिला उपाय नव्हेत. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

हा ‘ब्रंच’ शब्द तसा जुना आहे. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका नियतकालिकात त्याची वकिली केली. शनिवारची रात्र जागवणाऱ्यांना रविवारी लवकर उठावे लागू नये, ही त्यामागची कळकळ! म्हाताऱ्यांचा विचार त्यात कुठून असणार? आम्ही पहाटे पाचला उठतो. अकरापर्यंत आमचा अर्धा दिवस झालेला असतो.

लेकीपुढे पेच होता. आठवडाभर नोकरी करून रविवारी सहाला उठून सात जणांचे करायचे तिच्याने होईना, आणि बाबांना एकटे खोलीत खाताना पाहणेही सोसेना. मी करते म्हटले तर तिला ते नको होते. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे आणि परक्या ओट्यापाशी तासभर उभे राहणे मला जमत नाही, हे तिला ठाऊक होते. तिच्या कार्यालयातील एका अमेरिकन बाईने वाट दाखवली. तिकडे नाताळच्या सकाळी पुष्कळ घरांत हा पदार्थ होतो, कारण त्याचे सारे काम आदल्या रात्री संपते. सकाळी भांडे फ्रीजमधून काढून ओव्हनमध्ये सरकवायचे. ते काम जावईबापूही करू शकतात, आणि त्यांनी ते आनंदाने केले.

फ्रेंच टोस्ट नावाने फ्रेंच असला तरी कल्पना त्याहून फार जुनी. अपिसियस याच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून तळावेत आणि वर मध ओतावा, अशी कृती आहे. फ्रान्समध्ये याला ‘हरवलेला पाव’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण वाया जाणारा शिळा पाव त्यात सत्कारणी लागतो. जर्मन लोक त्याला ‘गरीब सरदार’ म्हणतात. स्पेनमध्ये ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात त्याचा एक प्रकार घरोघर होतो. थोडक्यात, शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू वळणाऱ्या आपल्या आज्या आणि त्या देशांतल्या आज्या एकाच बुद्धीच्या. कॅसरोलमध्ये फरक एवढाच की एकेक काप तव्यावर परतत उभे राहावे लागत नाही, सारा पाव एकाच भांड्यात भिजतो आणि भाजतो.

आता कृती. शनिवारी रात्रीचे जेवण आटोपल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसले. पुढ्यात साडेचारशे ग्रॅमचा एक पाव होता. लेकीने ‘हाला’ नावाचा ज्यू लोकांचा वेणीसारखा गुंफलेला पाव आणला होता. त्यात अंडे असते, त्यामुळे तो पिवळसर, मऊ आणि चिवट कवच नसलेला असतो. वृद्धांसाठी हाच गुण मोलाचा. कडक कवचाचा फ्रेंच पाव तिकडे अनेक जण वापरतात, पण कवळीला तो भारी पडतो. पाव दोन दिवसांचा असावा. ताजा पाव दुधात लगेच लगदा होतो, वाळलेला मात्र दूध शोषूनही आपला आकार राखतो. ताजाच असेल तर तुकडे करून मंद ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटे नुसते सुकवून घ्यावेत. सुरी धरणे मला कठीण जाते, म्हणून मी हातानेच इंच-इंचाचे तुकडे तोडले. तोडलेल्या खडबडीत कडा दूध जास्त शोषतात, हे नंतर कळले. माझ्या अंगठ्यांच्या दुखण्याचा असाही उपयोग!

नऊ बाय तेरा इंचांच्या काचेच्या भांड्याला आतून लोण्याचा हात फिरवून त्यात ते तुकडे पसरले. अंड्यांचे काम यांच्याकडे आले. लेकीने मुद्दामच हाक मारली, ‘बाबा, मला मोजायला मदत करा ना.’ आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस. मोजायचे म्हटल्यावर नाही म्हणवेना. आठ अंडी, एकेक आधी वाटीत फोडून मगच मोठ्या भांड्यात घालायचे, म्हणजे एखादे खराब निघाले तर सगळे वाया जात नाही आणि कवचाचा तुकडाही दिसतो. त्यात अडीच अमेरिकन कप, म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटर दूध, पाव कप साखर, दोन चमचे व्हॅनिला, अर्धा चमचा दालचिनीपूड, चिमूटभर मीठ आणि माझ्या हट्टाने किंचित जायफळ. तिकडच्या कृतींत याच्या तिप्पट साखर आणि वर लोणी-साखरेचा थर असतो. तो आम्ही सरळ गाळला. मिश्रण घुसळून पावावर सगळीकडे ओतले, कोरडे राहिलेले तुकडे चमच्याने हलकेच दाबले, भांडे झाकले आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवले.

येथे एक कळकळीची सूचना. कच्च्या अंड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. तरुणाला त्यांनी दोन दिवस जुलाब होतील. वृद्धाला, विशेषतः मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला, त्याच संसर्गाने रुग्णालय गाठावे लागू शकते. म्हणून भिजवलेले भांडे रात्रभर ओट्यावर कधीही ठेवू नये. फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. कच्चे मिश्रण गोडी पाहण्यासाठी चाखू नये. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, ओटा पुसावा. पदार्थ मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की तो निर्धोक. खुपसायचा तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ओले मिश्रण लागले तर आणखी भाजावे. कडा फुगल्या आणि वरून सोनेरी रंग आला म्हणजे झाले असे मानू नये. मधला भाग नेहमी मागे राहतो.

रविवारी सकाळी सव्वासातला जावयाने भांडे बाहेर काढले. गार काच एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते, म्हणून ओव्हन ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअस तापेपर्यंत ते बाहेर राहू दिले. पहिली तीस मिनिटे वर अॅल्युमिनियमचा कागद, नंतर वीस मिनिटे उघडे. कागदामुळे वरचा पाव कडक होत नाही. तो आपल्या दातांसाठी मऊ राहावा म्हणून आम्ही एका बाजूवर कागद शेवटपर्यंत ठेवला. नातवाला कुरकुरीत हवे होते, त्याची बाजू उघडी. दहा मिनिटे निवू दिल्यावर काप नीट सुटतात. आठ वाजून चाळीस मिनिटांनी सगळे टेबलावर होते. यांच्या ताटाशेजारी वाटीत गोळी ठेवलेली होती. पहिले दोन घास पोटात गेल्यावर ती यांनी घेतली. कुणी काही बोलले नाही. नातवाने फक्त खुर्ची जवळ ओढली.

या पदार्थाच्या पौष्टिकतेचा हिशेब यांनीच त्या दिवशी कागदावर मांडला. आठ अंड्यांतून सुमारे अठ्ठेचाळीस ग्रॅम प्रथिने, दुधातून वीस, पावातून चाळीसच्या आसपास. आठ वाटे केले तर वाट्याला तेरा ग्रॅम. उतारवयात स्नायू झिजतात, आणि आपली सकाळ बहुधा चहा-बिस्किटांवर निभते. त्या मानाने ही भर चांगलीच. कर्बोदके मात्र एका वाट्यात साधारण अडतीस ग्रॅम येतात, तेव्हा मधुमेह्याने एकच वाटा घ्यावा, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये. खरा धोका वरून ओतायच्या मेपलच्या पाकाचा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे तेरा ग्रॅम साखर असते आणि तिकडची माणसे चमचा मोजत नाहीत, बाटली उपडी करतात. आमच्याकडे घट्ट दही आणि चिरलेल्या स्ट्रॉबेरी ठेवल्या होत्या. ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम वर्ज्य आहे, त्यांनी वर केळ्याच्या चकत्या घालू नयेत. दालचिनी सुगंधापुरती चांगली. तिने मधुमेह बरा होतो म्हणून चमचे भरभरून खाणाऱ्या मंडळींचे मला नवल वाटते. बाजारातल्या सामान्य दालचिनीत कूमारिन नावाचे द्रव्य असते आणि ते अतिप्रमाणात यकृताला बाधते.

कवळी वापरणाऱ्यांना आणि तोंड कोरडे पडणाऱ्यांना हा मऊ, ओलसर पदार्थ मानवतो. तथापि पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या बाबतीत केवळ मऊपणावर विसंबू नये. पाव तोंडात चिकट गोळा बनून घशात अडकू शकतो. अशा रुग्णांना पाव द्यावा की नाही, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनाच विचारावे. इतरांसाठीही लहान तुकडे, ताठ बसणे आणि घाई न करणे हे पथ्य बरे. बदाम-अक्रोडाचे तुकडे तरुणांच्या बाजूलाच राहू द्यावेत.

ब्रंचच्या टेबलावर आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे ग्रेपफ्रूट. सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन अशा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे या फळामुळे रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकतात. आपले पपनस हे त्याचे जन्मदातेच फळ, त्याचाही असाच परिणाम होऊ शकतो. आम्ही संत्री ठेवली. माझ्यापुरते सांगायचे तर थायरॉइडची गोळी मी सहाला उपाशीपोटी घेते, म्हणून पावणेनऊचे दूध-अंडे मला चालते. कॅल्शियमची गोळी मात्र दुपारच्या जेवणाशी, कारण या दोन गोळ्यांत चार तासांचे अंतर लागते.

उरलेले कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. तीन-चार दिवसांत संपवावे आणि पुन्हा खाताना वाफा येईपर्यंत तापवावे. सोमवारी यांनी स्वतःच एक तुकडा गरम करून घेतला. अंडे न खाणाऱ्यांसाठी या पदार्थाला मला तरी चांगला पर्याय सापडलेला नाही, कारण पाव आणि दूध यांना धरून ठेवण्याचे काम अंडेच करते. जावयाच्या आई अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी रवा आदल्या दिवशी भाजून ठेवला होता. त्यांचा उपमा दहा मिनिटांत झाला.

पुण्यात परतल्यावर मी निम्म्या प्रमाणात हे करून पाहिले. आमच्या छोट्या ओव्हनमध्ये आठ इंची चौकोनी भांडे बसते. सव्वादोनशे ग्रॅम साधा दूधपाव, चार अंडी, तीनशे मिलिलिटर दूध. पस्तीस ते चाळीस मिनिटे पुरतात. लादीपावही चालतो, मात्र तो एक दिवस उघडा वाळू द्यावा. दोघांना दोन सकाळी पुरून एखादा तुकडा धुणे-भांड्यांच्या बाईंनाही होतो. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी मात्र रात्रभर ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी पहाटे भिजवून तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवले तरी काम भागते, आणि पहाटे जाग तर आपल्याला येतेच.

आता महिन्यातला एक रविवार ठरलेला आहे. आमचे भांडे साडेआठला ओव्हनमधून बाहेर येते, तेव्हा तिकडे शनिवारच्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि लेक तिचे भांडे फ्रीजमध्ये ठेवत असते. फोनवर चित्र दिसते. हे गोळीची वाटी जवळ ओढतात, चष्मा सारखा करतात आणि दरवेळी तिला एकच विचारतात, ‘अंडी मोजलीस ना? आठ?’